मालक कुठल्या पलटणीत होते?

सकाळी ८. साताऱ्याच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकची बाकं भरलेली. कोणी कोरेगावच्या एसटीनं, कोणी अपशिंग्याहून वडापनं आलेल्या. सिस्टर बीपी घ्यायला बसतात. जवळपास प्रत्येकीचं कार्ड नवऱ्याच्या नोकरीचं. ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना २००३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली.

९.३०. साठीच्या एक बाई ताठ बसलेल्या. शेजारच्या मावशींनी विचारलंच, "मालक कुठल्या पलटणीत होते?"

"मालक मास्तर. लष्करात मी होते."

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर म्हणून निवृत्त. हिंदुस्थानी फौजेत परिचारिका १८८८ पासून आहेत, पण या बाकावर अजून नवलच. "अगं बया!" म्हणून मावशींनी लगेच स्वतःचा गुडघा पुढे केला.

११. इथल्या बायका डॉक्टरांना साखर सांगतात, बाकीचं सिस्टरांना, तेही जाता जाता. औषधं पिशवीत टाकून एक आजी दारात थबकल्या. "अंगावरून थोडं जातंय. वयाचंच असंल." पाळी बंद होऊन बारा वर्षं झालेली. सिस्टरांनी हात धरून परत आत नेलं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर कर्करोग नाही ना, हे बघावंच लागतं. रेफरल निघालं, सोनोग्राफी पॅनेलवरच्या दवाखान्यात, पैसे न भरता. मेजरबाई तोवर आजींजवळ बसल्या. तपासणीत काय करतात ते त्यांनी स्वच्छ सांगितलं, लाजबीज न ठेवता.

दुपारी १. औषधांची खिडकी. गर्दी, कुरकुर, चहा.

२. सांगलीहून फोन. माजी कॅप्टन, शॉर्ट सर्व्हिसच्या. रात्री छातीत दुखलं म्हणून मिरजेत जवळच्या, पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात नेलंय. "४८ तासांच्या आत कळवायचं असतं, तुम्ही वेळेत कळवलंत." १९९२ पासून बायका अशा अधिकारी होऊ लागल्या. पेन्शन नाही म्हणून कार्डही नव्हतं, ते दार २०१९ मध्ये उघडलं.

३. आईच्या गोळ्या न्यायला एक मुलगी आली, पायात धुळीचे बूट. अग्निवीर भरतीची तयारी, लष्करी पोलिसात जायचंय.

"सिस्टर, चार वर्षांनी मला असं कार्ड मिळंल?"

"कायम ठेवून घेतलं तर पुढं मिळंल. परत पाठवलं तर नाही."

"मग आजारी पडले तर?"

"भरती होईपर्यंत वडिलांच्या कार्डावर ये. ते लग्न नाहीतर नोकरी होईपर्यंतच चालतं."