रेंज गेली? शेवटचा अंक काढा!

मांडव्याहून गेटवेला निघालात, मध्येच रेंज गेली, रील्स बंद. मग हे करून बघा.

आजवर सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंट यांना मिळाली. २ चा १३६२७९८४१वा घात, वजा १. अंक किती? ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. सेकंदाला एक अंक वाचलात तरी ४७५ दिवस लागतील, तेही न झोपता!

पण तिचा शेवटचा अंक तिकिटाच्या मागे काढता येतो. २, ४, ८, १६, ३२, ६४... एककस्थानी २, ४, ८, ६ हीच चौकडी फिरत राहते. घातांकाला ४ ने भागा. शेवटचे दोन अंक ४१, म्हणजे बाकी १. चौकडीतला पहिला २, त्यातून १ गेला. उत्तर १. झालं!

अर्थात शेवटी १ आला म्हणून संख्या मूळ ठरत नाही, २१ बघा ना. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यानेही भागत नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. म्हणून तर ड्युरंट यांना १७ देशांतले जीपीयू कामाला लावावे लागले.

शोधाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तुमच्या लॅपटॉपवरही चालतं. वीजबिलाचं मात्र घरी आधीच सांगून ठेवा.