कोपीतली ऊब



दिवाळीच्या सुमारास नगर-मनमाड रस्त्याने कोल्हारवरून जाणाऱ्याला एक देखावा हमखास दिसतो. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने चाललेल्या असतात. त्यांत गोधड्यांची गाठोडी, पत्र्याची पेटी, हंडा-कळशी, बांबूच्या चटया, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर बसलेली लेकरे. बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडीला निघालेला हा चाकावरचा संसार. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. तेव्हापासून प्रवरेच्या काठी ऊस आणि ऊसतोड हे समीकरण ठरूनच गेले आहे.

हा संसार उतरतो तो कोपीत. चार बांबू वाकवायचे, त्यांवर चटई टाकायची, तीवर प्लॅस्टिकचा कागद ओढायचा, की झाले घर! पण या घरात पौषातली थंडी काढायची असते आणि चैत्राचे ऊनही सोसायचे असते. आपल्या जिल्ह्यात हिवाळ्याच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो आणि एप्रिलमध्ये तोच ४० च्या वर चढतो. पहाटे आईबाप फडात गेले म्हणजे लहान मुले कोपीतच असतात. त्यांचा खोकला, त्यांची सर्दी ही पुष्कळदा त्या घराच्या बांधणीतूनच येते. म्हणून थोड्या खर्चात ही कोपी कशी सुधारावी, याचा आज विचार करू.

पहिली गोष्ट अशी पाहा. गोधडी ऊब देते असे आपण म्हणतो. खरे तर गोधडी ऊब देत नाही. आपल्या अंगची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. हे काम कापडापेक्षा कापडाच्या थरांत अडकलेली हवा करते. धनगराची घोंगडी पावसाळी वाऱ्यातही उबदार लागते, कारण लोकरीच्या धाग्याधाग्यांत हवा कोंडलेली असते. लोखंडातून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकीच ती स्थिर हवेतून जाते. मात्र हवा स्थिर हवी. ती वाहू लागली की ऊब घेऊन पळते.

आता आपल्या शेतातच असे अडकलेल्या हवेचे भांडार पडलेले असते. ते म्हणजे पाचट! वाळलेले, पोकळ, हलके आणि फुकट. मंगोलियातले मेंढपाळ आपल्या फिरत्या तंबूवर लोकरीच्या नमद्याचे थर चढवतात. परदेशात चाकांवरच्या छोट्या घरांना दोन पत्र्यांच्या मध्ये फोम किंवा लोकर भरतात. तत्त्व एकच. आपण त्या जागी पाचट वापरायचे.

दुसरी गोष्ट ओलीची. पुष्कळ जण सांगतात, "रात्री पाऊस नव्हता, तरी कागदातून पाणी ठिबकले, गोधड्या ओल्या झाल्या." हे पाणी बाहेरून आलेले नसते. ते आपल्याच श्वासाचे असते. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून रात्रभर वाफ निघत असते. चार माणसांची मिळून ती लिटरभर तरी भरते. आता हवेचा स्वभाव असा, की गरम हवा जास्त वाफ धरते आणि गार हवा कमी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या जागेतली हवा २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. १० अंशांना मात्र साडेनऊच्या आसपास. निरभ्र रात्री उघडा कागद किंवा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. आतली दमट हवा त्याला लागली, की जास्तीचे पाणी तिथेच दवासारखे धरते. पत्र्याला घाम सुटतो तो असा. ओली गोधडी मग ऊब धरीत नाही, कारण तिच्यातल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते.

रोग कळला म्हणजे उपाय सोपा.

छप्पर असे करावे. बांबूवर चटई, चटईवर कागद आणि कागदावर वीतभर जाड सुक्या पाचटाचा थर. वर सुतळीचे जाळे किंवा आडवे बांबू बांधावेत, म्हणजे वारा पाचट उडवणार नाही. पुष्कळ ठिकाणी कागद सगळ्यांत वर घालतात. तो उघडा राहिला की रात्री गार पडतो आणि ठिबकतो. पाचटाच्या पांघरुणाखाली तो तितका गार पडत नाही. शिवाय उन्हाने तो लवकर कुजत नाही, आणि अवकाळी पाऊस आलाच तर पाचटातून झिरपलेले पाणी अडवायला तो आहेच. हिरवे वाढे मात्र वर घालू नयेत. त्यांत पाणी असते आणि ते गुरांच्या तोंडी जाणेच बरे.

जमिनीचेही तसेच. आपली काळी जमीन पाण्याच्या पाळ्यांनी आतून ओली असते. म्हणून आधी जमिनीवर कागद, त्यावर वीतभर पाचट, त्यावर पोते किंवा चटई आणि मग अंथरूण. पाचट खाली आणि कागद वर असे केले, तर पाचट जमिनीची ओल पिऊन सडते आणि अंगाखालचा कागदही ओलावतो. थोडक्यात लक्षात ठेवायचे ते एवढेच: छपरात काय आणि जमिनीत काय, कागद खाली, पाचट वर. आठवड्याला हे पाचट उन्हात घालून झटकावे. विंचू-किड्याचीही भीती कमी होते. कोपीभोवती वीतभर खोल चर खणून त्याला उतार द्यावा. ट्रॉलीतून येतानाही लोखंडी तळावर पोरांना नुसते बसवू नये. खाली पाचटाची जाड बैठक करावी.

आता तुम्ही म्हणाल, सगळे बंद केले म्हणजे झाले. नाही! इथेच चूक होते. वाफ जायला वाट हवी. आढ्याखाली दोन्ही टोकांना हातभर फट मोकळी ठेवावी. उबदार दमट हवा वर चढते आणि तेथून निघून जाते. थोडी ऊब जाईल खरी, पण अंथरूण कोरडे राहील, आणि कोरडी थंडी ओल्या थंडीपेक्षा सोसवते. दार पूर्वेला ठेवावे, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन आत येऊन अंथरूण वाळते. उत्तरेची बाजू मात्र पाचटाने चांगली जाड करावी.

एक गोष्ट जिवाची आहे, ती नीट ऐका. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले बंद कोपीत घेऊन झोपू नये. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठूही देत नाही. शिवाय पाचट ठिणगीने पेटते. चूल कोपीपासून दहा-पंधरा पावले दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी आणि जवळ पाण्याची घागर भरलेली असावी. आत उघडी चिमणी ठेवू नये. बॅटरीचा दिवा बरा.

फाल्गुनात ऊन तापू लागले की हेच पाचट उन्हाला बाहेर अडवते. दुपारी दोन्ही बाजूंची चटई खालून हातभर उचलून ठेवावी, म्हणजे वारा खेळतो. पत्र्याची खोली असेल, तर पत्र्याला बाहेरून चुन्याची सफेदी द्यावी. पांढरा रंग बरेच ऊन परतवून लावतो.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. सारखे दोन तांबे घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरून झाकण ठेवा. एक उघडाच राहू द्या. दुसऱ्याभोवती आणि वरखाली वीतभर पाचट बांधा. दर पाव तासाने तापमापक बुडवून आकडे फळ्यावर लिहा. मग माठातले गार पाणी स्टीलच्या पेल्यात ओता आणि मुलांना त्यावर फुंकर घालायला सांगा. पेल्याला सुटलेला घाम पाहिला, की कोपीत का ठिबकते हे मुलेच तुम्हाला सांगतील. तुमच्या वर्गात ऊसतोडणी कामगारांची मुले असतील, तर हा धडा ती त्याच संध्याकाळी घरी नेतील.

शेवटी बागाईतदार बंधूंना एक विनंती. फडातले पाचट काडी लावून जाळू नका. ते जमिनीत राहिले तर खत होते. त्यातले दहा-वीस भारे टोळीला आपणहून द्या आणि कोपीसाठी पाणथळ कोपरा न देता उंचवट्याची कोरडी जागा दाखवा. पक्के घर हा या लोकांचा हक्क आहे. पाचट हा त्याला पर्याय नव्हे. पण ते घर होईपर्यंत, जो तुमचा ऊस तोडतो त्याच्या लेकराची रात्र कोरडी आणि उबदार जावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.