रिपोर्टवर खूण दिसली म्हणून हाय खाऊ नका, पण कागद गुंडाळूनही ठेवू नका



मागे एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले आणि कर्जमागणीचा विषय निघाला. एक ताई हळूच म्हणाली, "मला ५,००० पाहिजेत. पोरीच्या रक्तात काहीतरी निघालंय." पिशवीतून तिने चार घड्या घातलेला कागद काढला. मुलगी अडीच वर्षांची आणि रिपोर्टवर सहा आकडे ठळक केलेले. सासूबाई म्हणत होत्या, "तू पोरीला नीट खाऊ घालत नाहीस." शेजारीण म्हणाली, "कॅन्सर तर नसेल ना गं?" ताई स्वतः दोन महिन्यांची गरोदर. तिला रात्र रात्र झोप नव्हती.

मी काही डॉक्टर नाही. पण तिच्यासोबत मी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथे बालरोग डॉक्टरांनी जे समजावलं, ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून लिहिते.

ठळक आकडा म्हणजे आजार नव्हे

रिपोर्टवर आकड्याशेजारी "नॉर्मल" मर्यादा छापलेली असते. आकडा त्याबाहेर गेला की मशीन खूण करतं. पण बऱ्याचदा ती मर्यादा मोठ्या माणसांची असते. मोठ्यांच्या पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात, दोन-अडीच वर्षांच्या मुलात त्याहून जास्त असू शकतात. त्यातल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी लहानपणी जास्तच असतात. सर्दी-तापानंतर प्लेटलेटही थोड्या वाढतात. या मुलीला आठवड्यापूर्वीच सर्दी झाली होती. सहापैकी तीन खुणा तिथेच निकाली निघाल्या.

म्हणून डॉक्टरांना मुलाचं वय, नुकतंच झालेलं आजारपण आणि चालू असलेलं औषध न विसरता सांगा. जुने रिपोर्टही सोबत न्या. एका कागदापेक्षा दोन कागदांतला फरक जास्त बोलतो.

मग उरलेल्या तीन खुणा?

मुलीचं हिमोग्लोबिन ९.६ होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत साधारण ११ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात हे घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) या वयाच्या १०० पैकी जवळपास ६९ मुलांत रक्त कमी आढळलं. उरलेल्या दोन खुणा तांबड्या पेशी आकाराने लहान आहेत, असं सांगत होत्या.

पेशी लहान होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लोहाची कमतरता. तेव्हा डॉक्टर लोहाचं औषध देतात. नीट घेतलं, तर महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढायला हवं. हे औषध चहा-दुधासोबत देऊ नका, लोह अंगी लागत नाही. शी काळी झाली तर घाबरू नका.

या मुलीला तीन महिने औषध नेमाने दिलं होतं. तरी ९.४ चं फक्त ९.६ झालं. शिवाय पेशी लहान असल्या तरी संख्येने भरपूर होत्या. डॉक्टर म्हणाले, "आईचा दोष नाही. एचपीएलसी तपासणी करू."

मैत्रिणींनो, हा शब्द लक्षात ठेवा. हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे, हे या रक्ततपासणीत कळतं. थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही त्यात दिसतात. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या ताईंना सिकलसेल माहीतच आहे.

निकाल काय आला?

मुलगी थॅलेसेमियाची वाहक निघाली, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. हा आजार म्हणून धरायचा नाही. ती खेळेल, शिकेल, संसार करेल. त्यासाठी औषध लागत नाही आणि तपासणीत लोह कमी असल्याशिवाय लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या पाजायच्या नाहीत.

पण वाहकपण आई किंवा बापाकडून येतं. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल. त्या बाळाला नेमाने रक्त चढवत राहावं लागतं. ताई गरोदर होती, म्हणून दोघांची तपासणी लगेच हवी होती. नवरा म्हणाला, "मला काय झालंय?" दोन वेळा घरी जाऊन समजावलं, तेव्हा कुठे आला. निकाल येईपर्यंतचे आठ दिवस आम्हा सगळ्यांना जड गेले. ताई वाहक निघाली, नवरा नाही. तेव्हा जीवात जीव आला. सासूबाईंनाही डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की हे खाण्यापिण्यामुळे होत नाही.

तपासण्या सरकारी दवाखान्यात झाल्या. ५,००० च्या कर्जापैकी ताईने फक्त गाडीभाड्यापुरते ६०० घेतले.

डॉक्टरांना हे विचारा

- ही मर्यादा माझ्या मुलाच्या वयाची आहे का?
- तपासणी पुन्हा करायची का? कधी?
- औषधाने फरक पडला नाही, तर पुढे काय?
- आम्हा आई-वडिलांची तपासणी लागेल का?

इथे मात्र थांबू नका

मूल पांढरंफटक पडलं, धाप लागते, सुस्त पडून राहतं. अंगावर आपोआप काळे-निळे डाग येतात, हिरड्यांतून रक्त येतं. ताप उतरत नाही, गाठी येतात, हाडं दुखतात, हातपाय सुजतात, डोळे पिवळे होतात. किंवा हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही एकदम कमी आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मुलांचे रिपोर्ट घेऊन जा. आशाताईंनाही दाखवा. आणि पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर पाच मिनिटं राखून एकमेकींना विचारा, "कुणाच्या घरी असा कागद घडी घालून ठेवलाय का?"

तुमची,
क्षेत्र समन्वयक