बेताचे गुण आणि पसंतीची यादी

भारतात वैद्यकाची पदवी घेतलेले कितीतरी तरुण उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जातात. त्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही असतात. तेथे मेडिसिन या विषयाची तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करीत घ्यावयाचे शिक्षण, पुरे होत आले की पुढचा प्रश्न उभा राहतो. हृद्रोग किंवा पचनसंस्थेचे विकार अशा शाखेत निष्णात व्हावयाचे, तर आणखी तीन वर्षांची फेलोशिप मिळवावी लागते. जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ. ज्याचे गुण बेताचे, नावावर शोधनिबंध एखादाच आणि रुग्णालयही फारसे नावाजलेले नाही, अशा उमेदवाराने काय करावे?

या जागा ज्या पद्धतीने भरल्या जातात ती समजून घेतली, तर त्याची निम्मी भीती कमी होते. अमेरिकेत 1940 नंतरच्या दशकात नव्या डॉक्टरांना मिळविण्यासाठी रुग्णालयांची चढाओढ लागली होती. शिक्षण संपण्याच्या दोन-दोन वर्षे आधी बोलावणी येत, आणि पुढे पुढे तर होकार-नकार काही तासांत कळवावा लागे. यावर उपाय म्हणून 1952 साली मध्यवर्ती जुळणी सुरू झाली. उमेदवाराने रुग्णालयांची आणि रुग्णालयाने उमेदवारांची पसंतीनुसार यादी द्यावयाची, आणि दोहोंचा मेळ एका ठरावीक नियमाने घालावयाचा. अशा जुळणीचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले यांनी 1962 साली मांडले. अॅल्विन रॉथ यांनी इलियट पेरान्सन यांच्यासह पद्धतीत सुधारणा केली आणि 1998 पासून जुळणीचा आरंभ उमेदवाराच्या यादीपासून होऊ लागला. शॅप्ले आणि रॉथ यांना 2012 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फेलोशिपच्या बहुतेक जागाही आज याच रीतीने भरल्या जातात.

समजा, एका डॉक्टरच्या यादीत पहिले नाव नामांकित विद्यापीठाच्या रुग्णालयाचे आणि दुसरे एका मध्यम शहरातील रुग्णालयाचे आहे. दोन्हीकडे एकेकच जागा आहे. संगणक त्याला आधी पहिल्या दाराशी नेतो. त्या रुग्णालयाला अधिक पसंत असलेला कोणी तेथे आला, की याला मागे फिरावे लागते आणि याची पाळी दुसऱ्या दाराशी येते. तेथे तोवर दुसरा उमेदवार बसलेला असेल. परंतु ती बैठक तात्पुरती असते. त्या रुग्णालयाने याचे नाव वर लिहिले असेल, तर बसलेल्याला उठावे लागते. म्हणजे मोठ्या दाराशी जाऊन आल्यामुळे याचे काहीच बुडाले नाही. “आपल्याला तेथे कोण घेणार?” या धास्तीने मनातले पहिले नाव खाली ढकलणारा उमेदवार मात्र मिळू शकणारी जागाही गमावून बसतो. यादीचा क्रम खऱ्या आवडीप्रमाणेच लावावा. येथे धूर्तपणाचा उपयोग नाही.

धोका आहे तो यादीच्या लांबीत. ज्यांनी मुलाखतीला बोलाविले, त्यांचीच नावे लिहिण्यात अर्थ असतो. बेताच्या गुणांमुळे नेमकी बोलावणीच कमी येतात. म्हणून अर्ज नामांकित, मध्यम आणि लहान अशा सर्व प्रकारच्या संस्थांकडे गेले पाहिजेत. परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल जानेवारी 2022 पासून केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. त्यामुळे शिफारसपत्रांकडे अधिक लक्ष जाणे स्वाभाविक आहे. मोठ्या नावाच्या प्राध्यापकाने लिहिलेल्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा, ज्याने उमेदवाराला रात्रपाळीत रुग्णाजवळ उभे राहिलेले पाहिले आहे अशा शिक्षकाचे पत्र अधिक बोलके असते. हाती घेतलेला एखादा छोटा अभ्यास तडीस नेलेला असावा. एखाद्या परीक्षेत अपयश आले असेल, तर ते दडवू नये; दोन वाक्यांत कारण सांगून पुढे काय सुधारले ते सांगावे.

तरीही डिसेंबरच्या आरंभी लागणाऱ्या निकालात काहींचे नाव नसते. जे-1 व्हिसावर गेलेल्या भारतीय डॉक्टरला हा घाव अधिक लागतो, कारण शिक्षण थांबले की दोन वर्षे मायदेशी राहणे, किंवा डॉक्टरांची वाण असलेल्या भागात नोकरी पत्करून त्या अटीतून सूट मिळविणे, हेच मार्ग त्याच्यापुढे प्रामुख्याने उरतात. परंतु अशा भागातील रुग्णांनाही डॉक्टर हवाच असतो, आणि तेथे केलेल्या कामाचा अनुभव पुढील अर्जात लिहिता येतो. एका वर्षीच्या जुळणीत जागा मिळाली नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावयाचा की मेडिसिनमध्येच समाधानाने काम करावयाचे, हे मात्र कोणताही संगणक ठरवीत नाही. तो निर्णय त्या डॉक्टरने स्वतःच घ्यावयाचा असतो.