कर सल्लागाराचे कार्यालय : जुलैची घाई कशी आवरतात?

कर सल्लागाराचे काम म्हणजे नुसती आकडेमोड, असे अनेकांना वाटते. खरी कसोटी लागते ती वेळेच्या नियोजनाची.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. नोकरदारांना पगारातून कापलेल्या कराचा दाखला १५ जूनच्या सुमारास मिळतो आणि विवरणपत्राची एरवीची मुदत असते ३१ जुलै. म्हणजे बहुतेक अशिलांचे काम जेमतेम सहा आठवड्यांत येऊन पडते. मुदतवाढीचा भरवसा नसतो. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत मिळाली. २०२३ व २०२४ मध्ये मिळाली नव्हती.

म्हणून चांगल्या कार्यालयातून लागणाऱ्या कागदांची यादी एप्रिलमध्येच अशिलांकडे जाते. आलेला कागद त्याच दिवशी नोंदवहीत चढतो. पूर्ण फाइलच हाती घेतात. अपुरी वेगळी ठेवतात. सकाळी शांतपणे हिशेब, भेटी व फोन दुपारनंतर. एकाने केलेले काम दुसरा तपासतो.

विवरणपत्र भरले की काम संपले, असे नाही. ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. ती उशिरा झाली तर पडताळणीची तारीखच भरण्याची तारीख धरली जाते, आणि मुदत उलटून गेली असल्यास ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क पडू शकते. त्यासाठी नोंदवहीत वेगळा रकाना हवाच.

पालकांनी बँकेचे उतारे व गुंतवणुकीच्या पावत्या जूनमध्येच द्याव्यात. विश्वस्तांनीही संस्थेची बिले दरमहा लावून ठेवावीत. शेवटच्या दिवशी आलेल्या फाइलीतच चुका राहतात, आणि त्याची नोटीस येते ती करदात्याच्या नावाने!