जुन्या वस्तऱ्याला पुन्हा धार

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कुलपं, अडकित्ते आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगात कधीतरी एखादा गंजका वस्तरा हाती लागतो. पात्याच्या शेपटीवर, म्हणजे मुठीजवळच्या जाड भागावर, अंगठ्याने मळ पुसला की अक्षरं वर येतात: शेफील्ड, नाहीतर सोलिंगेन. पहिलं गाव इंग्लंडातलं, दुसरं जर्मनीतलं. पात्यांसाठी दोन्ही शतकानुशतकं नावाजलेली. अशा वस्तऱ्याने आजही सुरेख दाढी होते. पण तो आधी नीट पारखून घ्यायला हवा.

माझा पहिला वस्तरा मी नुसता शिक्का बघून घेतला. घरी तेलाच्या फडक्याने पुसला, तेव्हा धारेपासून वर चढलेला केसाएवढा तडा दिसला. तडा गेलेलं पातं वाचवता येत नाही. म्हणून विकत घेण्याआधीच पातं उजेडासमोर धरून धारेची रेघ टोकापासून शेपटीपर्यंत पाहा. बारीकसा खवला उडालेला असेल तर तो घासून निघतो. खोल खाच असेल तर वस्तरा तिथेच ठेवून द्या.

गंजातही फरक असतो. लाल, भुकटीसारखा गंज वरवरचा. काळे खड्डे मात्र पोलादात उतरलेले असतात. ते पाठीजवळ, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेला असतील, तर काम अडत नाही. धारेलगत असतील तर धार तिथे पुन्हा पुन्हा तुटत राहते.

मूठही बघा. शिंगाची चांगली. सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक. ते कुजलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मुठीत झाकलेलं पातं गंजत जातं. ते चटकन पेटतंही, म्हणून विस्तवाजवळ नेऊ नका. हस्तिदंती मूठ सांगून कोणी विकत असेल तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या व्यापाराला बंदी आहे.

घरी आणल्यावर पहिलं काम धार झाकण्याचं. बोथट दिसणारं पातंही बोट कापतं, तेव्हा धारेवर जाड चिकटपट्टी लावा. मग पातं साबणाने धुऊन, कोरडं करून स्पिरिटने पुसा. आधी ते कोणाच्या गालावर फिरलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. त्यानंतर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी पातं लाकडी फळीवर आडवं टेकवा. बहुतेक वस्तऱ्यांचं पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं असतं. ते धारेकडे कागदासारखं पातळ होतं आणि अधांतरी दाबलं तर मोडतं. बुचाला 600 नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळा, तेल घ्या आणि हात पाठीकडून धारेकडे न्या, उलट कधीही नाही. मग 1000, मग 2000 नंबर. लाल गंज गेला की थांबा. प्रत्येक काळा डाग घालवायच्या नादात शिक्काही पुसला जातो आणि पोलादही जातं.

इथेच अनेकांना फिरत्या चाकाचा मोह होतो. सायकलवरच्या धारवाल्याकडे विळी, सुरी जरूर द्या, वस्तरा देऊ नका. एवढी पातळ कड चाकावर क्षणात तापते. पोलादावर निळी झाक आली की तिथला कठीणपणा गेला. त्या जागी धार टिकत नाही.

आता धार. वस्तऱ्याची रचना मोठी हुशारीची आहे: पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकवली की कोन आपोआप ठरतो. पाठ उचलली की बिघडलं. दगडही सपाट हवा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून, काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर तो घासा. जिथे रेघा उरतात तिथे दगड खोल आहे.

सुरुवात 1000 नंबरच्या दगडाने, पाण्यात. धारेच्या दोन्ही अंगांना मार्करची शाई लावा आणि धार पुढे ठेवून, हलक्या हाताने पातं ओढा. टोकाशी पोचल्यावर पाठीवरून उलटा, धारेवरून नव्हे. शाई कुठे पुसली आणि कुठे राहिली, हे बघत राहा. शाई पूर्ण लांबीभर, अगदी कडेपर्यंत निघेपर्यंत पुढच्या दगडाला हात लावू नका. घाई होते ती इथेच. दोन बाजूंचे उतार कडेवर एकमेकांना भेटले नाहीत, तर 12000 चा दगडही काही करू शकत नाही. पातं आरशासारखं चकाकतं, पण गालावर ओरखडे काढतं. मनगटावरचे केस सहज उतरू लागले की पाया झाला. पुढे 4000, 8000 आणि जमल्यास 12000. दरवेळी दाब कमी करत जा. शेवटी वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं.

नंतर चामड्याचा पट्टा. आता दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. पन्नासेक फेरे पुरेत. पट्टा ताठ ओढलेला हवा. तो झोळीसारखा लोंबला तर कमावलेली धार गोल होते.

पहिल्या दिवशी पूर्ण दाढी करू नका. गरम पाण्याने केस मऊ करून फक्त एक गाल, तोही केसांच्या दिशेने. कातडी ताणून धरा आणि पातं गालापासून साधारण 30 अंशांवर ठेवा. हनुवटी आणि गळा आठवड्याभराने.

दाढी झाल्यावर पातं पुसून, कोरडं झाल्यावरच मिटा आणि तेलाचा हात फिरवून कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. बाथरूममध्ये ठेवलेलं पोलादी पातं पावसाळ्यात रातोरात गंज धरतं.