हिरव्या नाकतोड्याची जात कशी ओळखायची

पावसाळा सरताना वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत दिव्याखाली, कधी खिडकीच्या जाळीवर, लांब मिशांचा हिरवागार कीटक येऊन बसतो. दिसायला नाकतोडा, म्हणून त्याला नाकतोडा म्हणतात. रात्री गातो, म्हणून कुणी रातकिड्यात घालतं. खरं तर त्याचं कुळ वेगळं, टेटिगोनिडी. त्यातही नातं रातकिड्याशी जवळचं.

आधी मिशा बघाव्यात. साध्या नाकतोड्याच्या आखूड, जाडसर. याच्या बारीक आणि बहुधा अंगाहून लांब. मिशा रातकिड्याच्याही लांबच असतात, म्हणून मग भिंगातून पाऊल पाहायचं. रातकिड्याच्या पावलाला तीन पेरं, याच्या चार. मादी हाती लागली तर प्रश्नच मिटतो: अंडी घालायची तिची नळी चपटी, पात्यासारखी असते, रातकिड्याच्या मादीची गोल आणि बारीक. कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. साध्या नाकतोड्याचा कान पोटाच्या सुरुवातीला असतो.

पुढची विभागणीही अंगावरूनच होते. डोकं पुढे निमुळतं असेल तर तो गवतात राहणाऱ्या कोनोसेफालसच्या गोतावळ्यातला. मिटलेल्या पंखांमागून आतल्या पंखांची टोकं डोकावत असतील तर बहुधा फॅनेरोप्टेराच्या.

जातीपर्यंत जाताना मात्र डोळे पुरत नाहीत, गाणं ऐकावं लागतं. गातो तो नर. त्याचा डावा पंख उजव्यावर असतो (रातकिड्यात बहुधा उलट). डाव्याच्या खालच्या बाजूला दातेरी शीर, उजव्याला घासणारी कड. कंगव्यावरून नख फिरवावं तसा आवाज निघतो. रातकिड्याचा सूर स्वच्छ, एकसुरी. याचा बहुधा खरखरीत, फुसफुसता. दक्षिण भारतातल्या मेकोपोडा या लांबटांग्या कीटकांवर नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांनी 2006 साली अभ्यास प्रसिद्ध केला. अंगावरून वेगळे काढता न येणारे हे नर पाच निरनिराळी गाणी गातात. एकाच्या गाण्याला तर ‘हेलिकॉप्टर’ असं नाव पडलं. नुसत्या फोटोवरून मेकोपोडाची जात ठरवू पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

वीजकेंद्राशेजारी ऐकायचं कसं? ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मुख्यतः 100 हर्ट्झची, म्हणजे फार खालची. हे गाणं हजारो हर्ट्झचं, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या ध्वनिचित्रात दोन्ही सहज वेगळी दिसतात. काही जाती 20 किलोहर्ट्झच्या वर गातात. ते माणसाच्या कानाला ऐकू येत नाही आणि साध्या मोबाइललाही धड पकडता येत नाही. तिथे वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र लागतं. ताडोबाचं जंगल शेजारीच असल्याने रात्रीचं ऐकणं कुंपणाच्या आतूनच. वाघ-बिबट्याची वाट अडवून कीटकशास्त्र होत नसतं.

रेकॉर्डिंगसोबत तारीख, वेळ, झाड किंवा गवत आणि तापमान नोंदवावं. शेवटचं बहुतेक जण विसरतात. गारव्यात पंख सावकाश चालतात, गाण्याची लय मंदावते. तापमान लिहिलं नसेल तर उकाड्यातला आणि थंडीतला एकाच जातीचा गवई दोन जातींत मोजला जातो.